एक गोल आणि एक सही

उंद्रीच्या 'निळे वाघ फुटबॉल चाहता मंडळा'त एके काळी सव्वीस सभासद होते. आता दोन आहेत. एक दयाराम इंगळे आणि दुसरा मी. बाकीचे चोवीस मेले असं कोणी समजू नये. सगळे ठणठणीत आहेत. फक्त त्यांनी भारताचे सामने बघणं सोडलं, आणि तेव्हापासून त्यांच्या तब्येती आणखीच सुधारल्या. काही क्रिकेटकडे गेले, काही कबड्डीकडे, एक जण भजनी मंडळात गेला. तो म्हणतो, तिथंही कोणी जिंकत नाही, पण निदान हरत तरी नाही.

दयारामच्या भिंतीपलीकडच्या गुलाबरावाने तर लेखी राजीनामा दिला होता. सामने मात्र तो गुपचूप बघायचा, हे त्याच्या ओरडण्यावरून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

जागतिक क्रमवारीतला आपला आकडा आम्ही दोघं तापासारखा बघतो. चढला की काळजी. एखाद्या अंशानं उतरला की दयारामची बायको, आमच्या अन्नपूर्णावहिनी, चहा टाकतात. गेले वर्षभर चहा झालेला नाही.

त्या शनिवारी सामना दुपारी तीनला होता. समोरचा देश असा, की त्याची लोकसंख्या आपल्या बुलढाणा जिल्ह्याएवढीही भरणार नाही. मी पावणेतीनला दयारामकडे पोचलो, तेव्हा घरात भांडण होऊन गेलेलं होतं. भांडण झालेलं घर ओळखू येतं; सगळे एकमेकांशी फार नीट बोलत असतात.

दयारामची नात महामाया उंबऱ्यात बसली होती. शेजारी भरलेली पिशवी, पिशवीवर गोलकीपरचे हातमोजे. तिचे आईबाप चाकणला कंपनीत. पोरगी सोळा वर्षांची, लहानपणापासून आजीआबांकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बुलढाण्याला राज्य संघाची निवड चाचणी होती. शाळेचे क्रीडाशिक्षक चार मुलींना घेऊन पाच पंधराच्या एसटीनं निघणार होते. अर्जावर पालकाची सही हवी, नाही तर गाडीत जागा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. बापानं फोनवर सांगितलं, 'आबा म्हनतील तसं.' आणि आबा नाही म्हणत होते.

"काऊन नाही?" मी विचारलं.

"मास्तर, चाळीस वर्षं मी ह्या टीमची वाट पाह्यली," दयाराम म्हणाला. "एवढी वाट मी एसटीची पन नाई पाह्यली, अन् मी एसटीतच व्हतो. आता पोरीले त्याच रांगेत उभी करू?"

"तिले चेंडू कोनं आनून देल्ला व्हता?" आतून वहिनींचा आवाज आला. "मी देल्ला का?"

दयारामनं ते ऐकलं नाही. चौतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला काय ऐकायचं नाही हे बरोबर कळतं.

दयारामच्या कंडक्टरकीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा त्यानं देऊळगाव राजाच्या गाडीत एका म्हातारीला चुकून बीबी गावाचं तिकीट दिलं. गाडी बीबीला जातच नव्हती. म्हातारी म्हणाली, बाबा, तिकीट तं बीबीचं हाय. दयारामनं तिकीट पाहिलं, त्यावर चिमट्यासारख्या पंचानं पाडलेलं भोक पाहिलं, आणि ड्रायव्हरला गाडी बीबीला घ्यायला लावली. पंचेचाळीस प्रवासी शिव्या देत बीबी पाहून आले. त्याबद्दल मिळालेला मेमो त्याच्या ट्रंकेत अजून आहे. तो पंचही त्याच्याकडेच आहे. निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा करायचा होता. त्यानं 'हरवला' असं लिहून दिलं आणि दंड भरला. सगळ्या नोकरीतलं तेवढं एकच खोटं.

सामना बघताना हा पंच त्याच्या मुठीत असतो. टक्. टक्. आपला बचाव ढिला पडला की आवाज वाढतो.

"अट घातली मी," दयाराम मला म्हणाला. "जिंकाचं सोडा. आज ह्या लोकायनं एक गोल केला तं सही. एकच. त्याच्यापेक्षा कमी काय मांगू मी?"

अट ऐकायला सोपी वाटते. पण मागच्या पाच सामन्यांत आपल्या संघानं एकही गोल केलेला नव्हता.

महामाया म्हणाली, "मंजूर हाय आबा." तिच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता.

अर्ज खाटेवर ठेवला. त्याला पेन अडकवलेलं. स्टुलावर पोह्यांचा डबा, डब्याला टेकून महामायाचा मोबाईल, आणि मोबाईलवर सामना सुरू झाला.

इथं एक तांत्रिक भाग आहे. मोबाईलवरचा सामना गुलाबरावाच्या डिशटीव्हीपेक्षा पाऊण मिनिट मागं चालतो. त्यामुळं भिंतीपलीकडून आधी आवाज येतो, आणि पाऊण मिनिटानं त्या आवाजाचं कारण आम्हांला दिसतं. मागच्या वर्षभरात त्या भिंतीतून फक्त 'अरेरेरे' आलं होतं. भिंत एकदाही खोटी ठरली नव्हती.

विसाव्या मिनिटाला आपला एक पोरगा चेंडू घेऊन एकटाच सुटला. समोर फक्त गोलकीपर. महामाया गुडघ्यांवर उठली. तेवढ्यात भिंतीतून आलं, "अरेरेरेरे!"

पोरगा अजून धावतच होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आम्हांला माहीत होतं, तरी आम्ही "मार! मार!" म्हणून ओरडलो. त्यानं मारला. चेंडू जाळ्याच्या इतक्या वरून गेला, की तो परत आणायला एक माणूस बाहेर पाठवावा लागला.

टक्. टक्. टक्.

मध्यांतराला शून्य-शून्य. वहिनींनी पोहे आणले. महामायानं बशीला हात लावला नाही.

"खाय बाई," वहिनी म्हणाल्या. "उपाशीपोटी कशी जाशीन?"

"जाचं असंन तं खाईन, आजी."

दयाराम छताकडे बघत होता. मी सहज बोलावं तसं बोललो, "अर्धा गोल धरायचा का रे? तो मघाचा जवळपास झालाच होता."

"मास्तर, अर्धं तिकीट पोरायले असते. हे बाप्ये हायेत."

उत्तरार्ध सुरू झाला. समोरचे आता दमले होते, आणि आपले त्यांच्याहून जास्त. चेंडू मधल्या भागात गावच्या गुरासारखा हिंडत होता. कोणाचाच नव्हता आणि कोणी हाकलतही नव्हतं. भिंतीपलीकडे शांतता. चार वाजून दहा मिनिटं. सव्वाचार. महामायानं बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. घरापासून स्टँड दहा मिनिटांवर. साडेचार. वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण घड्याळ कळतं.

चार चौतीसला भिंत फुटली.

आरोळी, शिट्टी, पत्र्यावर काठी आपटल्याचा आवाज, वर गुलाबरावाच्या सुनेचं हसणं. अशी आरोळी त्या भिंतीतून मी अनेक वर्षांत ऐकली नव्हती. दयाराम ताडकन उठून बसला.

"झाला!" तो म्हणाला. "झाला बे मास्तर! आला पाह्य आता पाऊन मिनिटात!"

आणि त्यानं वाट पाहिली नाही. चाळीस वर्षं पाहिलेल्या माणसाला पाऊण मिनिट भारी झालं. पेन काढलं, अर्ज मांडीवर घेतला, आणि 'दयाराम सुखदेव इंगळे' अशी पूर्ण सही ठोकली, खाली तारखेसकट. अर्ज महामायाच्या हातात दिला. तिनं पिशवी खांद्याला लावली. पण ती निघाली नाही. तिलाही तो गोल बघायचा होता.

आम्ही चौघं मोबाईलवर वाकलो.

पाऊण मिनिट झालं. आपला एक जण थ्रो-इन घेत होता. एक मिनिट. चेंडू पुन्हा बाहेर. दीड मिनिट.

"नेट अडकलं असंन," दयाराम म्हणाला.

नेट अडकलं नव्हतं. कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं. दोन मिनिटं.

मग दारातून दिसणाऱ्या अंगणाच्या भिंतीवरून गुलाबरावाचं डोकं वर आलं. एवढं खुश डोकं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"दयाराम! पाह्यला का बे? काय कॅच घेतला! सीमारेषेवर, एका हातानं!"

"कोनाचा कॅच?"

"क्रिकेट लावलं मी हाफ टाइमले. किती दिवस रक्त आटवाचं? तुमीबी लावा." मग त्याला आमचे चेहरे दिसले. "काऊन? काय झालं?"

डोकं हळूच खाली गेलं.

महामायानं पिशवी खांद्यावरून काढली. अर्ज दयारामच्या शेजारी खाटेवर ठेवला, सही वर येईल असा.

"आबा, गोल नाई झाला."

"मले दिसते."

"तुमची अट एका गोलाची व्हती."

"अजून खेळ बाकी हाय," मी म्हणालो. कोणी तरी म्हणायला हवं होतं. दयारामनं पंच उचलला, पण वाजवला नाही. त्याचं न वाजणं मला जास्त बोचलं.

उरलेला वेळ कसा गेला ते सांगत नाही. एक कॉर्नर मिळाला. तो आपल्याच दोघांच्या टकरीत संपला. भरपाईच्या चार मिनिटांतल्या दुसऱ्या मिनिटाला आपल्या एका पोरानं स्वतःच्याच गोलसमोर समोरच्याचा शर्ट ओढला. रेफरीनं शिट्टी मारली. पेनल्टी. ती पण त्यांना.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. महामाया खाली वाकून स्क्रीनकडे बघत होती.

"डावीकडं मारीन तो," ती पुटपुटली. "उभ्या पायाचा पंजा पाह्य आबा, तिकडंच हाय."

त्यानं डावीकडे मारला. आपला कीपर डावीकडेच झेपावला आणि चेंडू अडवला! दयाराम अर्धा उठला. अडवलेला चेंडू समोर पडला, आणि आपले चार बचावपटू, आम्ही खाटेवरून बघत होतो अगदी तसेच, तो बघत उभे राहिले. त्यांचा एक जण चालत आला आणि त्यानं तो आत ढकलला.

एक-शून्य. शेवटची शिट्टी. चार चोपन्न.

दयारामनं अर्ज हातात घेतला.

"आता फाडसान तं पाह्यजा," वहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता.

"आजी, राहू दे," महामाया म्हणाली. "अट मी मानली व्हती." ती हातमोजे पिशवीत कोंबू लागली. एक मोजा आत जाईना.

"तुले कसं समजलं, डावीकडं मारीन म्हून?" दयारामनं विचारलं.

"दिसते आबा."

"मले चाळीस वर्षांत नाई दिसलं."

त्यानं अर्ज पुन्हा वाचला. स्वतःची सही लांब धरून पाहिली. घड्याळात चार अठ्ठावन्न.

"मास्तर," तो मला म्हणाला, "त्या म्हातारीले बीबीचं तिकीट देल्लं, तवा चूक कोनाची व्हती?"

"तुझी."

"मंग गाडी नेली का नाई?"

"नेलीस. मेमो पण खाल्लास."

"हाव." त्यानं अर्जाचा वरचा उजवा कोपरा पंचात धरला आणि दाबला. टक्. कागदाचा एवढासा गोल तुकडा खाटेवर पडला. "तिकीट देल्लं म्हंजे न्या लागते. त्यात टीमचा काही संबंध नाई. उठ बे माया! पाच पंधराची हाय, अन् तो ड्रायव्हर थांबत नाई."

ती उठली, वाकली, आजीच्या गळ्यात पडली, हे सगळं एकदमच. मग अर्ज आणि पिशवी घेऊन गल्लीतून पळत गेली. उरलेला मोजा घेऊन वहिनी तिच्यामागं धावल्या. त्या वयात त्यांची धाव मी पाहिली. आपल्या मधल्या फळीत त्यांना सहज जागा मिळाली असती.

दयारामनं मोबाईल उचलला. पण तो महामायाचाच होता. ती विसरून गेली होती. पाच दहाला त्यावर क्रीडाशिक्षकांचा फोन आला.

"महामायाचे आबा का? पोरगी पोचली, गाडीत बसवली. सही आहे, बरोबर आहे. पण अर्जाला हे भोक कशाचं आहे?"

दयारामनं पोह्यांची बशी जवळ ओढली.

"बुलढान्याचं," तो म्हणाला.