डाव्या डोळ्यातला कण

सहा वर्षांपूर्वी बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रेडिएशन झालं. त्यानंतर रक्तातला कॅन्सरचा आकडा इतका खाली राहिला, की आम्ही घरात तो विषयच काढेनासे झालो. यंदा मात्र लागोपाठ तीन तपासण्यांत तो चढला. डॉक्टर म्हणाले, दुखणं परतलंय एवढं रक्त सांगतं, नेमकं कुठे ते सांगत नाही. एमआरआय केला की जागा कळेल, मग तेवढ्याच जागेवर उपचार करता येतील.

एमआरआयच्या खोलीबाहेर तिथल्या तंत्रज्ञ बाई फॉर्म भरून घेत होत्या. पेसमेकर? नाही. शरीरात कुठे धातू बसवलाय? नाही. लोखंडाचं काम कधी केलंय?

बाबा सावरून बसले. "चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. डाव्या डोळ्यात पार मागे तिळाएवढा ठिपका निघाला. बाबांना बराच वेळ काही आठवेना. मग म्हणाले, तरुणपणी एकदा लोखंडाचा कीस उडाला होता; नळाखाली डोळा धुतला आणि पाळी पूर्ण केली.

मशीनच्या चुंबकाने तो कण हलला तर डोळा जाईल, असं बाईंनी समजावलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही हात टेकले. काढायला गेलो तरी नजर जाण्याची भीती, आणि उजव्या डोळ्याने बाबांना आधीच धूसर दिसतं.

"सोनं निघालं असतं तर गोष्ट वेगळी," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी दुसरा मार्ग विचारला. चुंबक न लागणारा वेगळा एक स्कॅन होता, पण परगावी, आणि रांग दोन महिन्यांची. मिळालेली तारीख मशीन बिघडल्यामुळे पुढे गेली. तेवढ्यात आकडा दुप्पट झाला. आता थांबण्यात अर्थ नाही म्हणून डॉक्टरांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं. यानं दुखणं दबून राहील, जाणार नाही, हेही सांगितलं.

पहिलं इंजेक्शन पोटावर दिलं. नर्स बाहेर गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "म्हणजे सगळं अंदाजपंचेच ना गं?"

एरवी घरात माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. त्या दिवशी मी सुईच्या जागेवरचा कापूस दाबून धरला.

बाबांनी शर्ट खाली ओढला आणि पुढच्या इंजेक्शनच्या तारखेचं कार्ड माझ्या हातात दिलं. तीन महिन्यांनंतरची तारीख होती.