बाल्कनीत की हॉलमध्ये

चैत्रगौर झोपाळ्यात बसली होती. बोटभर उंचीची, पितळेची, गळ्यात मोगऱ्याच्या चार कळ्या. तिच्यापुढे कलिंगडाचं कमळ कापून ठेवलेलं, काकड्यांच्या होड्या, आंब्याच्या डाळीची मोठी परात. आणि गौरीच्या अंगावर, वाऱ्याची झुळूक म्हणून, हॉलमधला एसी कोमट फुंकर घालत होता.

सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं. जरा वेळ गार, मग कोमट, मग पुन्हा गार. एप्रिलचं दिल्लीचं ऊन आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरच्या भिंतीतून आत झिरपत होतं. प्रभाने मार्केटातल्या दोन्ही मेकॅनिकना फोन केले. एकाने परवाचं सांगितलं, दुसऱ्याने उचललाच नाही. संध्याकाळी मराठी मंडळाच्या पंधरा-वीस बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. शेवटी प्रभाने तो फोन केला, जो तिला सगळ्यात आधी करता आला असता.

"ये गं लवकर," ती म्हणाली, "आणि बायका यायच्या आत उरक."

क्षिप्रा आली ती निळ्या डांगरीत, डोक्यावर टोपी, खांद्याला सिलिंडर, हातात पत्र्याची पेटी. गुडगावची नोकरी सोडून तिने एसी दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि आता नोएडात दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचं काम काढलं होतं. मंडळात मात्र प्रभा सांगायची, "आमची क्षिप्रा कूलिंगच्या कंपनीत मॅनेजर आहे." फरीदाबादहून या क्वार्टरमध्ये येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. क्षिप्राला इथे कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हे सांगणं खपून जात होतं.

क्षिप्राने एसीचं झाकण उतरवलं, नळ्यांवरून हात फिरवला.

"आत ओल गेलीय. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी उघडून नुसता गॅस भरलाय, ड्रायर घातलाच नाही. ते पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं आणि वाट बंद होते. बर्फ वितळला की पुन्हा सुरू."

तिने पेटीतून तांब्याचा एक तुकडा काढला. बोटाएवढा जाड, दोन्ही टोकांना निमुळता, टोपणं लावून बंद केलेला. "हा ड्रायर. यात ओल टिपणारे दाणे असतात. हा बारीक नळीवर बसवायचा."

"कुठे?" प्रभाने विचारलं.

"तुझ्या या जुन्या मशीनचा व्हॉल्व्ह आतल्या डब्यात आहे. त्याच्या अगदी अलीकडे. इथे."

इथे म्हणजे हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, गौरीच्या झोपाळ्यापासून चार हातांवर.

"बाहेर नाही का लावता येत? बाल्कनीत, त्या मोठ्या डब्याजवळ?"

"येतो. लावतातही पुष्कळ जण." क्षिप्राने तिच्याकडे पाहिलं. "पण मग तिथून इथवरच्या नळीतला कचरा सरळ व्हॉल्व्हात जाणार. शिवाय बाहेर ऊनपावसात गंजतो तो. दाराशी पहारा ठेवायचा तर दारातच ठेवावा ना, गल्लीच्या टोकाला कशाला?"

"अगं, बाल्कनीत बसून केलंस तर बरं. जाळणं, वितळवणं... हॉलमध्ये सगळं मांडून ठेवलंय."

प्रभाने कारण दुसरंच सांगितलं होतं आणि ते दोघींनाही कळलं. क्षिप्रा जरा वेळ तो तुकडा तळहातावर फिरवत राहिली.

"आई, बायका यायच्या आत होईल. मी इथेच लावते. अर्धवट काम नाही करत मी."

तिने नळीवर ओलं फडकं गुंडाळलं, गॉगल चढवला. ड्रायरवरचा बाण व्हॉल्व्हच्या दिशेला आहे ना, हे दोनदा बघितलं. टोपणं अगदी शेवटी काढली. निळी ज्योत फुस्स करून पेटली तशी प्रभाने गौरीवरची कळी सावरली आणि मनाशी म्हणाली, होईल, वेळेत होईल.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात अरुणाताई. मंडळातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यांच्या घरच्या सगळ्या गोष्टी माहीत असलेल्या. "लवकर आले हो, प्रभाताई. म्हटलं ओटीचे हरभरे निवडायला मदत करीन." मग त्यांची नजर वर गेली. स्टुलावर उभी मुलगी, हातात ज्योत. "अगं बाई. मुलगी आहे की."

प्रभाच्या घरात एक जुना नियम होता आणि तो तिनेच केला होता. उंबऱ्याबाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. शाळेतून आलेली क्षिप्रा "मम्मी, पानी दो" म्हणाली तर प्रभा ऐकू न आल्यासारखी भाकरी थापत बसायची. "आई, पाणी दे" म्हटल्यावरच पेला पुढे यायचा. किती रडली होती पोर त्यापायी.

आणि आज उंबऱ्याच्या आत, आपल्या गौरीसमोर, प्रभाची जीभ आपोआप वळली.

"दीदी, और कितना टाइम लगेगा?"

ज्योत क्षणभर जागच्या जागी थांबली. मग पुन्हा सांध्यावर फिरली. क्षिप्राने मान वळवली नाही.

"जोड़ हो गया, मैडम. अब वैक्यूम, फिर गैस. थोड़ा टाइम दीजिए."

मैडम. प्रभाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत्ता हसून म्हणता आलं असतं, अहो ही माझीच. नुसती थट्टा ठरली असती ती. पण अरुणाताई चपला काढत होत्या, पर्स ठेवत होत्या, आणि तो क्षण मुठीतून वाळू जावी तसा गेला.

"तुमची क्षिप्रा यायचीय ना आज?" हरभऱ्याची परात मांडीवर घेत अरुणाताईंनी विचारलं.

"मीटिंग आहे तिची."

"रविवारी?"

"हो ना, काय ते प्रायव्हेट."

बाल्कनीत व्हॅक्यूमचा पंप घरघरत होता. क्षिप्रा त्याच्या काट्याकडे पाहत उकिडवी बसली होती, पाठ हॉलकडे करून. पाठीवर घामाचा मोठा डाग पसरत चालला होता. प्रभाने पन्ह्याचा पेला भरला, दोन पावलं टाकली आणि पुन्हा ओट्यावर ठेवला. कुठल्या भाषेत द्यायचा ते तिला सुचेना.

बायका येऊ लागल्या. जरीचे काठ, अत्तर, "किती गरम ओ", "मेट्रोत काय गर्दी, यार". क्षिप्राने गॅस भरला, बटण दाबलं. थोड्या वेळाने हॉलमध्ये गारवा उतरला, अगदी हळू, झोपलेल्या मुलावर कोणी पांघरूण घालावं तसा. बायकांनी एकदम सुस्कारा सोडला.

"बेटी, नाम क्या है तुम्हारा?" अरुणाताईंनी विचारलं.

पेटीत पाने-पक्कड ठेवता ठेवता क्षिप्राने एकदाच आईकडे पाहिलं. प्रभा गौरीच्या समईतली वात पुढे सारत होती. वात नीटच होती.

"नीलम," क्षिप्रा म्हणाली.

नाव असं पटकन आलं की प्रभाला कळलं, पोरीने ते आधीच शोधून ठेवलं होतं. आईला लागेल म्हणून.

"प्रभाताई, अहो तिला अशी नका जाऊ देऊ," अरुणाताई म्हणाल्या. "चैत्राचं हळदीकुंकू आहे. दारात आलेली मुलगी, कोणाची का असेना."

प्रभाने करंडा उचलला. क्षिप्राने टोपी काढली, मान पुढे केली. त्या कपाळावर, केसांच्या रेषेखाली, लहानपणी झोक्यावरून पडल्याची खूण होती. प्रभाचं बोट तिथे अडखळलं आणि कुंकू जरा वाकडं लागलं. हातरुमालात ओले हरभरे घेऊन क्षिप्रा सवयीने वाकली, आईच्या पायाला हात लावला आणि सिलिंडर उचलून निघाली.

"बघा," मागून कोणीतरी म्हणालं, "या लोकांतही रीतभात असते हो."

दार लागलं. मग अरुणाताईंनी गळा साफ केला आणि झोपाळ्याची दोरी हातात घेऊन हलकेच म्हणायला लागल्या,

"चैताच्या गं महिन्यात गौर आली माहेराला,
आई म्हणे लेकी माझ्या, ऊन लागलं पायाला.
आई म्हणे लेकी माझ्या, बस माझ्या शेजारी,
तुझ्यासाठी निवविली ताकाची गं शिदोरी."

बायकांनी शेवटची ओळ उचलली. प्रभाने ओट्यावर तसाच राहिलेला पन्ह्याचा पेला उचलून आणला.

"ती माझी मुलगी होती," ती म्हणाली.

"कोण?"

"आत्ता गेली ती. एसीवाली. क्षिप्रा. ती मॅनेजर नाही. तिचं काम हेच आहे, आणि चांगलं करते ती."

गाणं मधेच तुटलं. शेजारच्या ब्लॉकमधली मयुरा, सगळ्यांत तरुण, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणाली, "मग नंबर द्या ना काकू, आमचाही बंद पडलाय." कोणी हसलं नाही.

अरुणाताईंनी दोरी सोडली. "आणि मी तिला विचारत होते, नाव काय," त्या पुटपुटल्या. मग प्रभाकडे न बघता, "अजून खाली असेल बघा."

प्रभा अनवाणीच जिना उतरली. क्षिप्रा स्कूटरला सिलिंडर बांधत होती.

"काय झालं? पाणी गळतंय का?"

"नाही. छान गार झालंय."

"मग?"

"मी सांगितलं त्यांना. तू कोण ते."

क्षिप्राने पट्टा ओढून घट्ट केला. "कधी?"

"तू गेल्यावर."

"हं."

"वर चल. डाळ तरी खाऊन जा. अशीच चल, याच कपड्यांत."

क्षिप्राच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं. ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. असता तर प्रभाला सोसला असता.

"आई, मी आत्ता वर आले तर त्या माझ्याकडे नाही बघणार. तुझ्याकडे बघतील. ते मला नाही बघवणार गं."

"बघू देत की."

"आज नको. द्वारकेत एक कम्प्लेंट आहे मला." तिने हेल्मेट हातात घेतलं. प्रभाने पदर पुढे केला, ओघळलेलं कुंकू पुसायला. पण तोवर हेल्मेट चढलं होतं, आणि काचेवर फक्त क्वार्टरांच्या पिवळ्या भिंती दिसत होत्या.

स्कूटर गेटबाहेर वळून दिसेनाशी झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली. तापलेल्या फरशीने तळवे भाजायला लागले, तेव्हा वर निघाली.

जिन्यातच गारवा लागला. दार उघडंच होतं. आतल्या बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, तिला पाहून गप्प झाल्या. सोफ्यावर, एसीच्या बरोबर खाली, त्यांनी दाटीवाटीने सरकून दोघींपुरती जागा करून ठेवली होती.

प्रभा दारात एकटीच उभी होती.