सुलभेच्या नावाचे चिलखत

संशयाला जन्म घेण्यास फार जागा लागत नाही. नीळकंठरावांच्या बाबतीत स्वयंपाकघरातला एक रिकामा कप्पा पुरला. त्या कप्प्यात काल स्टीलची मोठी परात उभी होती, आज नव्हती.

ती सुलभाबाईंच्या लग्नात आलेली परात. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेले 'सौ. सुलभा' हे नाव. बाई गेल्या आणि चिरंजीव निमिषने वडिलांना नागपूरहून अमेरिकेत मॉरिसव्हिलला आणले, तेव्हा नीळकंठरावांनी आपले कपडे कमी केले, पण पत्नीच्या नावाची भांडी बरोबर घेतली.

फौजदारी न्यायालयात शिरस्तेदारी करता करता केस पांढरे झालेल्या माणसाला साक्षीदाराचा चेहरा वाचण्याची खोड जडते. त्यांनी सहज विचारल्याचा आव आणून सुनेला विचारले, "प्रीता, परात दिसत नाही कुठं?"

"अं? डिशवॉशरमध्ये असेल बाबा, बघते," असे म्हणून प्रीता लगबगीने गॅरेजकडे गेली. डिशवॉशर तिने उघडलाच नाही.

पुढे झारा गेला. मग डब्यांची दोन झाकणे गेली. शनिवारी प्रीता गाडीत फुगलेल्या पिशव्या भरताना दिसली.

"डोनेट करायचंय सगळं. घरात फार क्लटर झालाय हो बाबा."

नागपूरला बोहारीण दारी यायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देऊन जायची. इथे भांडीच घराबाहेर निघालेली दिसत होती. पिशवीत काय आहे, हे विचारण्याचा अधिकार नीळकंठरावांना होता. धैर्य मात्र नव्हते. "हो, टाकली" असे उत्तर आले असते तर? सुलभेची भांडी या घरात अडगळ ठरली, तर तिच्यामागे उरलेला हा म्हातारा काय ठरणार?

त्या रात्री जेवताना ते मुलाला म्हणाले, "निमिष, दिवाळीआधी माझं नागपूरचं तिकीट काढ. परतीचं नको."

"परतीचं नको म्हणजे? काय झालं बाबा?"

"काही नाही. हवा मानवत नाही."

प्रीता ताटावरून वर न बघता भात कालवत राहिली. नीळकंठरावांनी तेही पुराव्यात जमा केले.

आता जाड बुडाचे पातेले तेवढे शिल्लक होते. दुपारी घर सामसूम असताना त्यांनी ते धोतरात गुंडाळून सूटकेसमध्ये ठेवले. मंगळवारी प्रीता एकेक कपाट उघडू लागली.

"बाबा, मोठं पातेलं पाहिलंत का? आज हवंच आहे हो."

"नाही," नीळकंठराव म्हणाले. शपथेवर खोटे बोलणारे शेकडो लोक त्यांनी पाहिले होते. ते किती सोपे असते, हे मात्र त्यांना आजच कळले.

शुक्रवारी नात अनिकाच्या मराठी शाळेत नाटक होते. युरोपातील मध्ययुगीन शूरवीर, त्यांच्या भीष्मप्रतिज्ञा, राजकन्यांसाठीचे त्यांचे झुरणे, या साऱ्याची थट्टा.

"आजोबा, यू हॅव टु कम! मी नाइट आहे, म्हणजे शूरवीर. खूप सिली आहे सगळं."

"शौर्याची टिंगल कशाला बघायची?" असे पुटपुटत ते गेले. सूनबाईंपासून एक खुर्ची सोडून बसले.

पडदा उघडला. दरबारात खडखडाट करीत शूरवीर अवतरला आणि प्रेक्षागृह हास्याने दणाणले. त्याच्या दोन्ही खांद्यांवर डब्यांची झाकणे होती. हातात झारा तळपत होता. छातीवर, दोरीने बांधलेली, परात होती. डोक्यावर मात्र सायकलचे निळे हेल्मेट!

नीळकंठराव खुर्चीच्या कडेशी सरकले. पिशव्यांत भांडी नव्हतीच. होती ती इथे, दिव्यांच्या झोतात.

राणीने विचारले, "हे शूरा, प्रत्येक वीर कुणा स्त्रीचे नाव घेऊन लढतो. तुझी कोण?"

अनिकाने परातीच्या काठावर झारा आपटला. "सुलभा!"

"कोण ही सुलभा?"

"जिच्या हातचं थालीपीठ मिळालं असतं, तर ड्रॅगनने राजकन्या पळवलीच नसती. तो जेवून झोपला असता!"

सारे हसले. नीळकंठरावांना हसता आले नाही. चष्मा काढून ते तो पुसत बसले, आणि तो बराच वेळ स्वच्छ होईना.

प्रयोगानंतर अनिका तशीच खणखणत धावत आली. "सरप्राइझ! मी आईला प्रॉमिस करायला लावलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. गॅरेजमध्ये आम्ही दोघींनी बनवलं. पण हेल्मेटचं पातेलंच हरवलं ना यार!"

प्रीता वाकून तिच्या परातीची दोरी सोडू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा प्रयोग होता. सकाळी चहाच्या वेळी नीळकंठरावांनी पातेले आणून टेबलावर ठेवले, धोतरासकट.

"सापडलं," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. सापडलं नाही. मी लपवलं होतं."

"माहीत आहे बाबा. सूटकेसची चेन नीट लागली नव्हती, कड डोकावत होती. मला बुधवारीच दिसलं."

"मग विचारलं का नाहीस?"

प्रीताने कपातला चमचा उगाच फिरवला. "तुम्ही तिकीट काढायला सांगितलंत ना. विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, तुझ्यावर भरवसा नाही म्हणून... मग?"

उत्तराची तीच भीती टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसून चहा पीत होती तर.

एवढ्यात अनिका आली. तिने किंचाळून पातेले डोक्यावर उपडे घातले, ते थेट नाकापर्यंत उतरले. "आजोबा, इट्स टू बिग! मला काही दिसत नाहीये!"

"थांब, अशी नाचू नकोस." नीळकंठरावांनी धोतर उचलले, पिळा देऊन त्याची गोल चुंबळ केली, जशी पाण्याची घागर वाहणाऱ्या बायका डोक्यावर घेतात, तशी. ती नातीच्या केसांवर बसवून वर पातेले ठेवले. पातेले भुवयांवर थांबले.

प्रीता हलकेच म्हणाली, "बाबा, ते धोतर प्रवासाला लागणार होतं ना?"

"आता ते चिलखतात गेलं." त्यांनी पातेले किंचित फिरवले. कोरलेले नाव समोर, कपाळाच्या मधोमध आले. "निमिषला तेवढं सांगून ठेव."