बिनदोरीचा बोळा

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे आमच्या दादाने स्वतः कमावलेलं. बाबा तसे नव्हते.

गॅरेज बाबांनी काढलं. आता दादा मालक, आणि हात काळे करायला मी आणि भाऊजी, म्हणजे आमच्या थोरल्या ताईचे यजमान. परवा दादाने भाऊजींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

कारण ती लाल स्पोर्ट्स कार. भाऊजींनी नवा टर्बो बसवला तरी गाडी ओढेना. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. तो दाब, म्हणजे बूस्ट, निम्माच मिळत होता. गिऱ्हाईक तणतणत आलं. दादाने सगळं खापर भाऊजींवर फोडलं आणि घरच्या जावयाला गिऱ्हाइकादेखत घालवून दिलं. ताई फोनवर म्हणाली, "'माझाच हात चुकला' असं म्हणतात गं हे. आता पान्याला हात लावणार नाही म्हणून बसलेत."

आज गाडी माझ्या हाती आली. पाईप बघितले, क्लॅम्प बघितले, हवा कुठेच गळत नव्हती. मग दाब मोजायचा गेज लावला. टर्बोतली गरम हवा इंटरकूलरच्या जाळीतून थंड होऊन इंजिनात जाते. जाळीच्या अलीकडे दाब भरपूर, पलीकडे निम्मा. टर्बो बिचारा इमानदार होता, हवा मध्येच अडत होती. पाईप काढला, चिमटा आत घातला आणि ओढला. तेलाने बरबटलेला कापडाचा बोळा बाहेर आला.

काम चालू असताना नट आत पडू नये म्हणून उघड्या पाईपात बोळा कोंबतात. बाबांचा दंडक होता, बोळ्याला लाल दोरी बांधायची आणि टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे विसरायची सोयच नाही. भाऊजी दोरीचं रीळ खिशात घेऊनच फिरतात. दादा त्यावरून त्यांना हसायचा. या बोळ्याला दोरी नव्हती.

मी केबिनच्या दारात गेले. "दादा, सापडलं," एवढंच म्हणाले.

"बोळा ना?" त्याने मानसुद्धा वर केली नाही. "गुपचूप फेकून दे."

मी बोळ्याचं नावही काढलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"गाडी परत आली तेव्हा आठवलं. भाऊजी गॅस्केट आणायला गेले होते, तेव्हा मीच कोंबला. पण पाईप जोडला त्यांनी. बघायला नको?"

"आणि तू गप्प बसलास?"

"मालकच चुकतो म्हटल्यावर गाडी कोण देईल आपल्याकडे? ते घरचेच आहेत, घेतील सांभाळून. येतीलच आता, गिऱ्हाइकाची माफी मागायला बोलावलंय. तेही येतंय."

शी. चोर तो चोर, वर शिरजोर. या माणसाबरोबर मी एका ताटात जेवले, याची मला शिसारी आली.

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. गिऱ्हाईक हाताची घडी घालून उभं होतं. भाऊजींनी हात जोडले. "चूक माझी. माफ करा." आणि दादा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. खुशाल डोलावत होता.

मी बोळा भाऊजींच्या हातात दिला. "इंटरकूलरच्या तोंडाशी होता."

त्यांनी तो उलगडला, एकेक कोपरा चाचपला. "दोरी कुठंय?"

"नव्हतीच."

ते दादाकडे बघत राहिले. दादाला तेवढ्यात टेबल आवरायची आठवण झाली.

कामावरून काढलं तरी रीळ भाऊजींच्या खिशातच होतं. त्यांनी वीतभर दोरी तोडली आणि दादाच्या पुढ्यात ठेवली. मग गिऱ्हाइकाकडे वळले.

"साहेब, माफी परत घेतो."

गाडीचा पाईप अजून उघडाच होता. भाऊजींनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि माझ्यापुढे हात केला. "पाना दे."