मास्तरांच्या बाजूचं घड्याळ

मी एक जुनं घड्याळ आहे, आणि मला दोन तोंडं आहेत. मित्रांनो, हसू नका. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तोंडं लागतातच, प्रत्येक खेळाडूचं वेगळं. माझ्या डोक्यावर दोन खटके आहेत. आपली चाल झाली की आपल्या बाजूचा खटका दाबायचा, म्हणजे आपली वेळ थांबते आणि समोरच्याची पळू लागते. वेळ संपत आली की काटा त्या बाजूचा लाल झेंडा उचलू लागतो, आणि ज्याची वेळ आधी संपते त्याचा झेंडा टपकन खाली पडतो आणि तो हरतो. सगळा जन्म असा कुणाची तरी वेळ संपवण्यात गेला. त्यामुळे माझा स्वभावच काळजीखोर झाला आहे, त्याला इलाज नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जहाजातून, मग खेचरांसारख्या दमणाऱ्या ट्रकमधून डोंगर चढून मी कोचाबांबा शहरात आलो. तिथल्या एका क्लबात टाय बांधलेली मंडळी माझ्या लाकडावरून हात फिरवून म्हणायची, "काय देखणं घड्याळ आहे!" पुढे क्लब बंद पडला आणि मी बाजारात भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो, एका बाजूला इस्त्री आणि दुसऱ्या बाजूला मुका रेडिओ. किती दिवस कुणी किल्ली दिली नाही. माझं आता कसं होणार, या धास्तीने मी अर्धमेला झालो होतो.

एक दिवस दोन लांब वेण्यांच्या एका बाईने मला उचलून कानाला लावलं. किल्ली फिरवली आणि म्हणाली, "चालतंय की अजून म्हातारं!"

ती साबिनाबाई. चौकातल्या नीलमोहराखाली तिची टेबलं आहेत. ती पट आणि सोंगट्या भाड्याने देते, आणि मोठ्या काचेच्या बरणीतून मोकोचिंची विकते. वाळवलेले पीच दालचिनी घालून उकळले की ते गोड सरबत होतं. तिच्या टेबलावर कुणीही येऊन बसावं. बूटपॉलिशवाला, वकील, बस चुकलेला प्रवासी. नाव कुणी विचारत नाही. जिंकेल तो बसून राहतो, हरेल तो उठतो.

चौकाचा एकच कायदा कडक आहे. बघ्यांनी तोंड उघडायचं नाही. चाल सुचवायची नाहीच, पण "अहो, खटका दाबायचा राहिला" एवढंही म्हणायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांना मोकोचिंची पाजायची. या कायद्याचा चौकाला मोठा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला सांगू?

मला जपलं ते फाउस्तिनो किरोगा यांनी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. रोज सकाळी टोपी घालून यायचे, रुमालाने माझ्या दोन्ही काचा पुसायचे आणि स्वतःच्या हाताने किल्ली द्यायचे. मग जो अनोळखी माणूस समोर बसेल त्याला घाम फोडायचे.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली. मास्तर चाल करायचे, पण खटका दाबायचेच नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, विसरले असतील. पण ते वरचेवर होऊ लागलं. चाल केलेली असायची, हात मांडीवर, नजर झाडाकडे, आणि त्यांचीच वेळ वाहत असायची. समोरचा कशाला बोलेल? तो खुशाल बसून राहायचा.

बघे मात्र खूश व्हायचे. आकिलीनो नावाचा बूटपॉलिशवाला कुजबुजायचा, "माज बघा मास्तरांचा! स्वतःची वेळ खैरात करतायत. म्हणतायत, घे बाबा, तरी तू हरशीलच."

आणि मास्तर बहुतेक वेळा जिंकायचेही. मुरलेला हात होता तो. अधूनमधून झेंडा पडून हरायचे, तेव्हा आकिलीनो म्हणायचा, "वेळेवर हरले, डावात नाही." हा माज नव्हे, हे फक्त मला कळत होतं, आणि मला टिकटिक सोडून दुसरी भाषा येत नव्हती.

एका सकाळी मास्तरांची मुलगी विल्मा त्यांच्याबरोबर आली. ते टेबलाशी बसल्यावर तिने साबिनाबाईला बाजूला घेतलं.

"मावशी, परवा बाबा घरी येताना रस्ता चुकले. नदीपलीकडे सापडले. मी दिवसभर कामावर असते. इथे काही वेगळं दिसलं तर सांगाल ना? पुन्हा असं झालं तर मला त्यांना घरात कोंडावं लागेल. आणि चौक सुटला तर ते जगायचे नाहीत हो."

"अगं पोरी, रस्ता काय, मीसुद्धा चुकते," साबिनाबाई हसली. "पण या चौकात तुझ्या बापाइतकं डोकं कुणाचं चालत नाही. काल त्या वकिलाला नुसतं रडवलं."

विल्माच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी जीव तोडून टिकटिकलो. ती निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक अनोळखी बाई मास्तरांसमोर बसली. पायाशी गाठोडं होतं. ओरूरोला जाणारी बस दुपारी होती, तोवर एक डाव, म्हणाली. मास्तर पांढऱ्या सोंगट्या खेळत होते. डाव रंगला. मास्तरांनी घोडा पुढे टाकला आणि हात मांडीवर ठेवला. खटका दाबला नाही.

त्यांचा काटा सरकू लागला. बघ्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. बाई पटाकडे बघतच नव्हती, ती मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. काट्याने माझा लाल झेंडा उचलायला सुरुवात केली. मला वाटलं, आता पडेल, आता पडेल.

तिने हात पुढे केला आणि माझे दोन्ही खटके बरोबर मधोमध आणले. माझी दोन्ही तोंडं थांबली.

"ओ ताई!" आकिलीनो ओरडला. "असं चालत नाही इथे! घड्याळ थांबवणं म्हणजे बोलणंच! पाजा आता सगळ्यांना!"

"पाजते," ती मान न वळवता म्हणाली. "आजोबा, चाल कुणाची आहे?"

मास्तर हसले. पटावर इकडून तिकडे नजर फिरवली. मग हसू हळूहळू गेलं.

"तुम्हीच सांगा ना," ते हळूच म्हणाले. "मघापासून तेच आठवतोय. यातला मी पांढरा की काळा?"

साबिनाबाईची पळी बरणीतच राहिली.

"असं कधीपासून होतंय?" बाईने विचारलं.

"बरेच दिवस झाले. मला वाटलं, काही चुकत असेल तर कुणीतरी सांगेल. एवढी माणसं उभी असतात. कुणीच बोललं नाही, तेव्हा म्हटलं, ठीक चाललं असेल."

इतकी शरम मी आकिलीनोच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

साबिनाबाईने विल्माला फोन केला. ती कामावरच्या ॲप्रनमध्येच धावत आली. सगळं ऐकून रडत म्हणाली, "बाबा, आता चौक बंद."

"बंद करू नकोस गं," साबिनाबाईने तिचा हात धरला. "चूक आमची झाली. आकिलीनो यांना घरून आणेल आणि घरी सोडेल. आणि यांच्या टेबलावर आम्ही बोलणार. ज्याला चालत नसेल त्याने दुसरीकडे खेळावं."

विल्मा शेवटी हो म्हणाली.

आता मास्तरांची चाल झाली की दहा गळे ओरडतात, "मास्तर, खटका!" ते खेकसतात, "ओरडता काय? बहिरा नाही मी." आणि दाबतात. हल्ली ते बरेचदा हरतात. कधी आकिलीनोचं नाव आठवत नाही, कधी माझ्या काचा पुसायच्या राहतात. एक दिवस माझ्याकडे बघून, हे काय आहे, असं विचारतील. त्या दिवसाची मला फार भीती वाटते.

मित्रांनो, घड्याळाला वेळच्या वेळी किल्ली द्या, तेल घाला, असं खरं तर मी सांगायला हवं. पण माझं राहू द्या. तुमच्या ओळखीचं, नाहीतर बागेतल्या बाकावरचं अगदी परकं माणूस असं गप्प बसून राहिलं, तर त्याचा मान राखायचा म्हणून तुम्हीही गप्प उभे राहू नका. जवळ जा आणि विचारा. मास्तर इतके दिवस त्याचीच वाट बघत बसले होते.