जुनं पाणी

१९८३ सालच्या एप्रिलअखेर, परीक्षा आटोपल्या आटोपल्या, वर्ध्यातल्या मुलींच्या त्या शाळेनं आपलं बिऱ्हाड पिपरी मेघेतल्या नव्या इमारतीत हलवायला घेतलं. प्रयोगशाळेतल्या माशांच्या टाकीची जबाबदारी नलू भोयरनं आपणहून मागून घेतली. सिंदीची ही मुलगी बी.एस्सी. होऊन विज्ञान शिकवायला लागली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

टाकीत तेवीस मासे होते. सहा वर्षं त्यांची निगा राखली ती प्रयोगशाळेचा शिपाई कवडू यानं. पन्नाशीचा माणूस, ढिवराच्या घरचा, धाम नदीवर बापाच्या जाळ्यामागं हिंडत मोठा झालेला.

"बाई, उद्या त्याईले खायाले नका देऊ," तो दोन दिवस आधी म्हणाला. "पोट रिकामं असलं का प्रवासात पाणी खराब नाई होत. अन् परवा उजाडताच धरू. ऊन चढलं का मासे दम सोडतेत."

ठरल्या सकाळी तो घरून दोन मातीच्या घागरी घेऊन आला. आधी त्यानं टाकीतलं पाणी बादल्यांमध्ये काढून तळाशी वीतभरच ठेवलं, दगड आणि वनस्पती बाहेर घेतल्या. मग एक जाळी कोपऱ्यात स्थिर धरली आणि दुसरीनं हळूच मासे तिच्याकडे वळवू लागला.

"मांगं धावाचं नाई. त्याले वाटलं पाह्यजे का तो आपल्या मनानंच चालला."

एकेक मासा घागरीतल्या जुन्या पाण्यात उतरत गेला. एकाचंही खवलं निघालं नाही. बघायला जमलेल्या शिक्षिकांपैकी एक हसून म्हणाली, "भोयरबाई, टाकी तुमची की कवडूची?"

नलू हसली, पण ते तिला लागलं.

नव्या इमारतीत गोधडीवर निजवून आणलेली रिकामी टाकी टेबलावर ठेवली गेली. कवडूनं हिरवट पाण्याच्या बादल्या पुढं ओढल्या.

"ते घाण पाणी फेका," नलू म्हणाली. "दगड धुवून घ्या आणि टाकी नळाच्या पाण्यानं भरा."

"बाई, नळात ब्लीचिंग रायते. दिवसभर उघडं ठेवा लागते ते पाणी. अन् जुनं पाणी अर्धं तरी..."

"कवडू, तुम्ही जन्मभर खायचे मासे धरलेत. हे पाळायचे मासे आहेत. मी शिकलेय ते."

शिक्षिकांपैकी दोघी-तिघी हसल्या. कवडूनं मान खाली घातली आणि नळाखाली बादली लावली.

दुपारी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. कवडूनं घागरीत उरलेलं पाणी ओतून पाहिलं, पण संध्याकाळपर्यंत एकोणीस उताणे झाले. मुख्याध्यापिका आनंदाबाई टाकीपाशी येऊन थबकल्या. "हे कसं झालं?"

"पाणी कवडूनं भरलं," नलूच्या तोंडून निघून गेलं.

शब्द खरे होते. कवडूनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. आनंदाबाईंनी त्याला सर्वांदेखत झापलं आणि उद्यापासून फाटकावर बसायला सांगितलं.

"बरं, बाई," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू आनंदाबाईंच्या खोलीत गेली तेव्हा हजेरीपटावर सह्या करायला कालच्याच शिक्षिका जमल्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबावं असं तिच्या मनात आलं. मग तिला वाटलं, आपण त्याला यांच्याचसमोर बोललो होतो.

"पाणी मी भरायला लावलं," ती म्हणाली. "ते नको म्हणत होते. मी त्यांना नाही नाही ते बोलले, आणि काल तुमच्यासमोर त्यांच्यावर ढकललं."

आनंदाबाईंनी चष्मा काढला. "कवडूला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी काऊन आल्या? जा, आणि प्रयोगशाळेत परत ये म्हणावं त्याला."

कवडू फाटकाच्या बिजागरीत तेल सोडत होता. त्याच्यापुढं उभी राहिल्यावर नलूची शाळेतली भाषा गळून पडली.

"कवडूभाऊ, माह्यं चुकलं. मी खोटं बोलली. मोठ्या बाईनं तुमाले परत बोलावलं."

"नाई बाई. मी इथंच बरा."

"काऊन? माह्या रागानं?"

कवडूनं तेलाची बुधली खाली ठेवली. "तुमचा राग नाई. मले ठाऊक होतं ते मरतेत. तरी माह्या हातानं पाणी भरलं. तुमी बोलल्या, अन् मी गप झालो. सहा सालं सांभाळलेले जीव होते. नाई म्हनाले पाह्यजे होतं मी."

माफीची जी वाक्यं ती जुळवून आली होती, त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. आपली लाज आपल्यापुरती आहे असं समजून ती आली होती. त्यातली अर्धी तो कालपासून वाहत होता.

चार मासे जगले. पुढं अडलं की नलू भर उन्हात फाटकापर्यंत चालत जाई आणि विचारी. कवडू सगळं नीट समजावून सांगे, काही हातचं राखत नसे. टाकी पाहायला मात्र तो कधी आला नाही, आणि चला म्हणायची तिची छाती झाली नाही.