गुळव्याची कवळी

मी कवळी बोलतेय. सध्या मुक्काम अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या एका बाथरूममध्ये, निळ्या वाटीतल्या पाण्यात. पण मन काही स्वस्थ बसत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते, बाळांनो.

माझे मालक प्रल्हादराव. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर ते गुळव्या होते. काहिलीतला पाक थोडा थंड पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळतेय का बघायचं आणि ती गोळी तोंडात टाकायची. दिवसभर हेच. रात्री तसंच झोपायचं, सकाळी राखुंडी फिरवली की झालं. दाढ ठणकली तर लवंग, लईच ठणकली तर उपटून टाकायची. अशानं पंचावन्नाव्या वर्षी तोंड मोकळं झालं. मग डॉक्टरांनी हिरड्यांचा ठसा घेतला आणि माझा जन्म झाला.

अकरा वर्षं मी त्यांच्यासोबत आहे. मला काढताना ते तोंडावर टॉवेल धरतात. ते बोळकं त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही.

सहा महिन्यांसाठी मुलाकडे यायचं ठरलं, तेव्हा आबांनी बॅगेत गुळाची ढेप घातली. इथं सून राधिका, आणि नात केया, सात वर्षांची. राधिका घरात चॉकलेट, चिकट गमीच्या गोळ्या येऊ देत नाही. पण रात्री केया ब्रश करून आली की आबा तिच्या हातावर हळूच गुळाचा खडा ठेवायचे.

"गूळ हाय गं, साखर न्हवं. गुळानं कुठं दात किडतात?"

मी त्यांच्याच तोंडात होते. गुळानंच रिकाम्या केलेल्या जागी बसले होते. ओरडावंसं वाटायचं, पण मालक बोलेल तेवढंच कवळीनं बोलायचं.

केयाचं आणखी भलतंच. आबा मला नळाखाली धुतात, ते तिनं पाहिलेलं. एकदा ती ब्रश अर्ध्यात ठेवून निघाली, तर राधिका म्हणाली, "केया, दोन मिनिटं पूर्ण कर ना!"

"व्हाय? पडणारच आहेत. मग मी आबासारखे घेणार. काढायचे, धुवायचे, डन!"

आबा इतके हसले की मी सटकले. मला मात्र हसू आलं नाही.

गेल्या मंगळवारी तिघं डेंटिस्टकडे गेली. पडद्यावर केयाची मागची दाढ दिसली, तिच्यात तपकिरी भोक.

"दुधाचीच असेल ना? पडेल," राधिका म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. ही सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागून येते. ती येताना कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतही नाही. ही जन्मभराची. आत्ता सिमेंट भरून वाचेल. झोपण्याआधी काही चिकट, गोड खाते का?"

"नेव्हर."

केयानं आबांकडे पाहिलं. आबांची जीभ मला आतून ढकलत राहिली. माझ्या दोन्ही पंगती एकमेकींवर वाजत होत्या.

गाडीत त्यांनी तोंड उघडलं. "राधिका, मी देतो. गूळ. रोज."

"ब्रश झाल्यावर?"

"व्हय."

राधिकानं सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "आबा, आणि मी मनात शाळेतल्या जूसला शिव्या घालत होते."

घरी आल्यावर आबांनी केयाला बाथरूममध्ये बोलावलं. मला काढून वाटीत ठेवलं. टॉवेल घेतलाच नाही. गाल आत गेले, आबा क्षणात म्हातारे झाले. 'फुटाणा' म्हणायला गेले, तर नुसती फूफू वाजली. केया खिदळली. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. ती हसायची थांबली. बोट घालून तिनं हिरडी चाचपली.

"इट्स सो सॉफ्ट. दुखतं?"

आबांनी मला परत बसवलं. "दुखत न्हाई. पण ऊस न्हाई, कणीस न्हाई. अगं, ऊस मी दातानं सोलायचो! हिला धुता येतं, पण गरम काय, गार काय, काही कळत न्हाई."

खरं होतं. मला वाईट वाटलं नाही.

"सो, रिअल वाले कुठे मिळतात?"

"कुठंच न्हाई. देवानं दिलेले तेवढेच."

दाढ भरून झाली. गूळ आता जेवणात, पोळीबरोबर, नखाएवढा. रात्री दोघं शेजारी उभी राहतात. ती दात घासते, आबा मला. काल त्यांनी मला लवकर वाटीत टाकलं, तर ती म्हणाली, "चीटिंग! अजून टू मिनिट्स झाली नाहीत." आबांनी निमूटपणे मला परत बाहेर काढलं.

शनिवारी आम्ही निघू. मग तिच्या शेजारी कोण उभं राहील, या विचारानं मी पाण्यात हलत राहते. केया म्हणते, "व्हिडिओ कॉल करू. माझी रात्र, तुझी सकाळ."

तर बाळांनो, ती हाक मारील तेव्हा आबा उठतील, मी त्यांच्या हातात असेन. तिच्या काय, तुमच्या काय, तोंडात माझ्यासारखीला कधी जागा मिळू नये, एवढं करा.